सोलर बसवलं, बॅटरीचा हिशेब वेगळा ठेवला



आमच्या स्लॅबवर सोलर बसल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येकजण दोनच प्रश्न विचारते. खर्च किती आला, आणि लाईट गेल्यावर चालतं का. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत होतं. दुसऱ्याला मी "नाही" म्हटलं की समोरची माझ्याकडे अशी बघते, जसं काही मला कुणीतरी गंडवलंय. एका मावशींनी तर तोंडावरच विचारलं, "मग बसवलंस कशाला?" उभ्या उभ्या उत्तर देणं जमेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हिशेबाची वही शेजारी घेऊनच बसले आहे.

आमचं घर सांगलीत, तळमजला आणि वर एक मजला. माणसं पाच. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती. आत्तींचं वय ७८. गेल्या वर्षी हिवाळ्यात त्यांची छाती फार धरली, आणि त्यानंतर डॉक्टरांनी रात्री झोपताना ऑक्सिजन लावायला सांगितलं. सिलिंडर सारखे बदलण्यापेक्षा हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन घेतलं. लहान फ्रिजएवढा डबा असतो, रात्रभर घरघर करतो. सुरुवातीला आवाजाने कुणालाच झोप लागेना, आता आवाज थांबला की जाग येते.

(जाता जाता एक महत्त्वाचं. आत्ती झोपायच्या आधी खोलीतच निरांजन लावून जप करायच्या. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत ज्योत, उदबत्ती, काहीही नको. निरांजन आता देवघरातच राहतं आणि जपमाळ तेवढी खोलीत येते. कुणाच्या घरी असं मशीन असेल तर हे आधी बघा, बाकीचं नंतर वाचा.)

मशीन आलं आणि लाईट बिल वाढलं. आम्ही पूर्वी महिन्याला १७५-१८० युनिट वापरत होतो, ते २६०च्या आसपास गेले. मुलाने मशीनच्या प्लगला मोजायचं छोटं मीटर लावून बघितलं. ३१० वॉट. रोज नऊ तास धरले तर २.८ युनिट, महिन्याचे ८४. बिल १,९०० वरून ३,०००च्या घरात. हे काही न बोलता भरत होते आणि मीही बोलत नव्हते.

पण आत्तींना आकडा कळला होता. बिल दारातून त्याच आत आणतात. एका रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली, घरघर ऐकू येईना. लाईट तर होती, पंखा फिरत होता. खोलीत गेले तर आत्ती उशीला टेकून बसलेल्या, नाकातली नळी काढून हातात धरलेली, मशीनचं बटण बंद. म्हटलं, "आत्ती, काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, जरा बरं वाटत होतं. उगीच युनिट पडतात." नंतर खोदून विचारलं तेव्हा कळलं, रोज मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास त्या मशीन बंद ठेवत होत्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८६. डॉक्टरांनी ९०च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं बजावलेलं.

तेव्हापासून आमच्या घरात सोलरचा विषय निव्वळ पैशाचा राहिला नाही. आत्तींना समजावून उपयोग नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर गाळलेलं पाणीसुद्धा मोजून वापरलं, तिला "युनिट पडू देत" म्हणून पटणार कसं?

आता पैशाचं. महावितरणचं बिल नीट वाचलंत तर दिसेल की युनिटचा दर सगळीकडे सारखा नसतो. पहिल्या १०० युनिटचा एक दर, १०१ ते ३००चा दुसरा, आणि तो जवळजवळ दुप्पट. पुढे ३००च्या वर आणखी चढतो. वहन आकार आणि शुल्क धरून आमच्या बिलात पहिले शंभर युनिट साधारण सात रुपयांना पडत होते, त्यापुढचे तेरा रुपयांच्या आसपास. म्हणजे आत्तींच्या मशीनचे ८४ युनिट सगळेच्या सगळे महागातले. नुसत्या मशीनचे महिन्याला अकराशे रुपये.

सोलरची गंमत इथेच आहे. नेट मीटर बसलं की तुमच्या छतावर जेवढी वीज तयार झाली तेवढी बिलातून वजा होते, आणि ती वजा होते वरच्या टोकाकडून. महागडे युनिट आधी कटतात. एक किलोवॉटचं सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११०च्या आसपास युनिट देतं. दोन किलोवॉटचे झाले २२०. आमचे २६० वजा २२०, राहिले ४०, तेही स्वस्तातले. स्थिर आकार मात्र सुटत नाही, तो भरावाच लागतो. "बिल शून्य" असं जे सांगतात ना, ते स्थिर आकाराचं नाव काढत नाहीत.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, "आई, तीन किलोवॉटच बसवू. एकदाच काय ते करून टाक." मी वहीत दोन रकाने काढले. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठं बसवा, ७८,०००च्या वर मिळत नाही. आम्हाला दोन किलोवॉटचं कोटेशन आलं १ लाख ३० हजार, तीनचं १ लाख ८५ हजार. अनुदान वजा जाता दोनचे ७०,००० आणि तीनचे १ लाख ७ हजार. दोन किलोवॉटने महिन्याला सुमारे २,५०० वाचत होते, म्हणजे अडीच-तीन वर्षांत पैसे परत. तिसऱ्या किलोवॉटसाठी वरचे ३७,००० घालायचे, आणि तो वाचवणार काय तर ते उरलेले स्वस्तातले ४० युनिट. बाकीचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी जे शिल्लक राहतात त्यांना अगदी कमी दर मिळतो. तिसऱ्या किलोवॉटचे पैसे फिटायला सहा-सात वर्षं. मुलाला वही दाखवली. तो म्हणाला, "पण मग एसी घेता येईल." मी म्हटलं, बघ, इथेच गोम आहे.

स्वाध्यायाला आमच्याबरोबर एक आत्याबाई असतात, त्या फार मोजकं बोलतात. मी उत्साहाने म्हटलं होतं, "आत्याबाई, उन्हावर चालणारी वीज, म्हणजे कोळसा जळायचा नाही, हिंसा किती कमी!" त्या म्हणाल्या, "काच भट्टीतच तयार होते ना गं?" आणि गप्प झाल्या. खरंच आहे. आपली वीज चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. तिथल्या अग्निकायिक, वायुकायिक जीवांचा विचार करायचा तर पॅनेल, त्याची ॲल्युमिनियमची चौकट, लोखंडी सांगाडा यांचाही करायला हवा. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती कमी किती करता येते एवढंच आपल्या हातात. पॅनेल २५ वर्षं चालतं आणि तयार होताना लागलेली वीज पहिल्या काही वर्षांतच भरून काढतं, म्हणून मला ते पटलं. पण "आता वीज फुकट आहे" म्हणून एसी, गिझर, दुसरा फ्रिज आणला तर भोगोपभोगपरिमाणाचं काय करायचं? दोनच किलोवॉट बसवण्यामागे माझं हे दुसरं कारण होतं. पहिलं कारण मुलाला सांगितलं, दुसरं त्याने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. सांगाडा मात्र तीन किलोवॉटचा करून घेतला, म्हणजे उद्या विजेवरची स्कूटर आली तर आणखी दोन पॅनेल वर चढवता येतील. इतकी काही मी कर्मठ नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते.

साधं सोलर, म्हणजे ज्याला ऑन-ग्रिड म्हणतात ते, लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा. यात बिघाड काही नसतो, तसंच ते बनवलेलं असतं. लाईन दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढतो तेव्हा तो खालून पुरवठा बंद करून चढतो. त्या वेळी आपल्या छतावरची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर तो जिवंत खाली उतरणार नाही. म्हणून सोलरचा इन्व्हर्टर लाईनवर कायम लक्ष ठेवतो आणि लाईन मेली की क्षणात स्वतःही थांबतो. आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या तिघांपैकी एकाने सांगितलं, "लाईट गेली तरी चालू राहील असं करून देतो, एक स्विच बसवला की झालं." मी विचारलं, "आणि खांबावर कुणी असेल तर?" तो हसला. त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. एका माणसाच्या जिवावर आपला पंखा चालवायचा, हे आपल्यातल्या कुठल्या बाईला सहन होईल?

लाईट गेल्यावरही छतावरची वीज घरात हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि त्याच्या जोडीला बॅटरी. तो घराला लाईनपासून तोडतो आणि मग घरापुरतं चालवतो, त्यामुळे वायरमनला धोका नाही. पण बॅटरीला योजनेतलं अनुदान नाही. आम्हाला पाच युनिटच्या लिथियम बॅटरीसह हायब्रिडचे दीड लाख वरचे सांगितले. आत्तींचं मशीन त्यावर दहा-बारा तास चाललं असतं. मुलगा म्हणाला, "आज्जीसाठी करायचं तर पूर्ण करूया." हे म्हणाले, "करूया." घरात दोन मतं आणि मी एकटी वही घेऊन.

मला कळेना की दीड लाख कशाला घालतोय. वीज वाचवायला बॅटरीचा उपयोग नव्हताच. नेट मीटर असलं की दिवसाची जास्तीची वीज लाईनमध्ये जाते आणि रात्री तेवढी परत मिळते, म्हणजे महावितरणच आपली बॅटरी. बॅटरीचा उपयोग एकच, रात्री लाईट गेली तर आत्तींचं मशीन थांबू नये. मग प्रश्न असा होता की आमच्या गल्लीत रात्री लाईट जाते किती वेळा, आणि किती वेळ?

याचं उत्तर कुठल्याच विक्रेत्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं, कारण मशीन आल्यापासून मी कॅलेंडरवर खुणा करत होते. दूध किती, पेपर किती, तसंच लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली. जून ते नोव्हेंबर, सहा महिन्यांत रात्री दहा ते सकाळी सहाच्या दरम्यान २३ वेळा गेली. त्यातल्या १५ वेळा अर्ध्या तासाच्या आत आली. दोन तासांच्या वर गेली ती चार वेळा. सगळ्यात मोठी पाच तास दहा मिनिटं, वादळात झाड पडलं होतं तेव्हा.

म्हणजे आम्हाला सहा तास हवे होते, बारा नाही.

घरात जुना इन्व्हर्टर होता, १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी. त्या बॅटरीवर लिहिलेलं गुणून बघितलं तर बारा व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १.८ युनिट. पण लिहिलेलं सगळं वापरता येत नाही. शिशाची बॅटरी पार रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. प्रत्यक्षात मशीन त्यावर तीन तासांच्या आसपास चालायचं. शिवाय जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, अशा मशीनला साइन वेव्ह लागतो. म्हणून नवा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि त्यावर दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या, जुनी बॅटरी बदल्यात देऊन ४६,०००. त्यावर आत्तींच्या खोलीतला पंखा, मशीन आणि जिन्यातला एक दिवा, एवढंच. बाकीचं घर लाईट गेल्यावर अंधारात बसतं, आणि रात्री दहानंतर अंधारात आम्हाला काय काम असतं? पाच तासांच्या पुढे गेलंच तर एक भरलेला सिलिंडर खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे.

लिथियमचं आयुष्य दुप्पट असतं, पाणी घालायला लागत नाही, हे मला ठाऊक आहे. ट्युब्युलरमध्ये दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड पाणी बघावं लागतं आणि चार-सहा वर्षांनी ती बदलावी लागते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद कपाटात किंवा देवघराच्या खाली ठेवू नका, हवा खेळती हवी. ती बदलताना जुनी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानातच परत द्या. भंगारात गेली की शिसं कुठल्या तरी उघड्या भट्टीत वितळवतात आणि तो धूर तिथल्या पोरांच्या अंगात जातो. कंपन्यांनी जुन्या बॅटऱ्या परत घेतल्या पाहिजेत असा २०२२ पासून नियमच आहे.

एक मुद्दा मात्र मुलाचा बरोबर होता आणि त्यावर माझी दोन रात्री झोप उडाली. पूर.

ऑगस्ट २०१९ आपल्यापैकी कुणी विसरलेली नाही. आमच्या गल्लीत पाणी मीटरच्या पेटीपर्यंत आलं होतं आणि पाच दिवस लाईट नव्हती. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच, फक्त पाणी कमी. आणि कृष्णेचं पाणी वर कोयनेकडून येतं, त्यामुळे कधी कधी इथे ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढतच असतं. अशा वेळी हायब्रिड असतं तर रोज दिवसा बॅटरी भरली असती, रात्री मशीन चाललं असतं, असे दिवसच्या दिवस निघाले असते. ऑन-ग्रिड सोलर मात्र त्या पाच दिवसांत निव्वळ काच.

मी, हे आणि आत्ती तिघंही बसलो. आत्तींनीच तोडगा सांगितला. म्हणाल्या, "पाणी चढायला लागलं की मला इथे ठेवणार आहात का? २०१९ला कुठे गेलो होतो आपण?" मिरजेला, नणंदेकडे. तेव्हा पाणी घाटावर वाढतंय कळल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो होतो. आता पहिल्याच दिवशी निघायचं, मशीन आणि सिलिंडर गाडीत घालून. छातीचा त्रास असलेल्या माणसाला पुराच्या वेढ्यात वरच्या मजल्यावर बॅटरीच्या भरवशावर ठेवायचं, हा बेतच मुळात चुकीचा ठरला असता. दीड लाखाच्या बॅटरीने आम्हाला तो मोह पाडला असता असं मला वाटतं. नुसता सोलरचा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या मात्र पहिल्या मजल्यावर बसवून घेतल्या. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर, दोघा जणांनी जिन्यावरून नेताना "काकी, खालीच राहू दे की" म्हणून बघितलं. राहू दिलं नाही.

ज्यांना घरातून हलताच येत नाही, किंवा शेतात वस्तीवर राहतात, जिथे रात्र रात्र लाईट नसते, त्यांचं गणित वेगळं निघेल. त्यांना हायब्रिड परवडो न परवडो, लागेल. माझं म्हणणं एवढंच की आधी महिनाभर तरी कॅलेंडरवर खुणा करा.

कागदपत्रांचं एक सांगते, कारण यातच आमचे सात आठवडे गेले. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा, मग महावितरणची मंजुरी, काम, नेट मीटर, तपासणी आणि शेवटी अनुदान खात्यात. पण लाईट बिल आमच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली. आपल्याकडे किती घरांत असंच असतं! आधी ते नाव बदलून घ्या, मगच सोलरवाल्याला बोलवा. आम्ही मीटर आत्तींच्या नावावर केलं. घर त्यांच्याच नावावर आहे, आणि अनुदानाचे ६०,००० त्यांच्या खात्यात आले. पासबुक भरून आणल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं.

आता स्लॅबचं. दोन किलोवॉटला साधारण दोनशे चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, तोंड दक्षिणेला. माझी चिंता वाळवणाची होती. सांडगे, कुरडया, पापड घालायचे कुठे? सांगाडा माणूस खालून जाईल एवढा उंच करून घेतला. त्याचे ९,००० वरचे पडले, पण खाली सावली झाली, वरच्या खोलीचा स्लॅब तापायचा कमी झाला, आणि वाळवणाला पूर्वेकडची बाजू मोकळी राहिली.

आणि पारवे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, शेजारच्या गल्लीत बघितलं. पॅनेलच्या खाली ऊन-पावसापासून आडोसा मिळतो, पारवे तिथे घरटं करतात. मग सफाईवाला येतो आणि काठीने घरटं अंड्यांसकट ढकलून देतो. ते बघितल्यावर मी कोटेशनमध्येच चारी बाजूंनी जाळी लिहून घेतली आणि जाळी बसवताना स्वतः वर उभी राहिले, आत कुणी अडकलं नाही ना ते बघायला. ज्यांची पॅनेल आधीच बसली आहेत आणि खाली घरटं आहे, त्यांनी थांबावं. अंडी उबायला अठरा-एकोणीस दिवस लागतात, पिल्लू उडायला त्यापुढे महिनाभर. दीड-दोन महिने दोन-चार युनिट कमी मिळाले तर काही बिघडत नाही. पाखरांना दाणे टाकायची जागाही पॅनेलपासून लांब न्या, विष्ठा काचेवर पडली की तेवढ्या भागाची वीज कमी होते.

धुणं पंधरा दिवसांतून एकदा, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी घालायचं नाही, तडा जातो. मी आधी मऊ झाडूने अलगद झाडते, मुंग्या-किडे असतील तर बाजूला होतात, मग गाळलेल्या पाण्याची एक बादली आणि जुनी सुती साडी. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत.

दिवस मावळायच्या आत जेवण आणि त्यानंतर दिवे कमीत कमी, कीटक येऊ नयेत म्हणून, हा आपल्या घरांचा पूर्वीचा शिरस्ता. पिठाची गिरणी, मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर सगळं दिवसाच चालतं. नेट मीटरमुळे दिवसा वापरा की रात्री, बिलात आम्हाला फरक पडत नाही. पण मी इस्त्रीसुद्धा आता अकरा वाजता करते. आपल्याच उन्हावर झालेलं काम बरं वाटतं.

जानेवारीत २३८ युनिट तयार झाले, मार्चमध्ये २६२. संध्याकाळी ताट वाढायच्या आधी मी मोबाईलवरचा आकडा आत्तींना वाचून दाखवते. "आज साडेआठ." त्या मनातल्या मनात मशीनचे २.८ वजा करतात, मला दिसतं. मध्यरात्री घरघर थांबत नाही. परवा सकाळी सहाला ऑक्सिमीटर ९३ दाखवत होता.

मावशींचं बिल महिन्याला ८०-९० युनिटच असतं. त्यांना मी सांगितलं, तुम्ही घाई करू नका, तुमचे युनिट सगळे स्वस्तातले आहेत, पैसे फिटायला बरीच वर्षं लागतील. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीवर कुणाचा हक्क किती, ते सोसायटीकडून आधी लिहून घ्यावं. पावसाळ्यातलं उत्पादन मी अजून बघितलेलं नाही, ते बरंच खाली येईल. कॅलेंडरवर खुणा चालू आहेत. आकडे दिवाळीच्या सुमाराला इथेच लिहीन.